मुख : रचना, उच्चार आणि आरोग्य

कला शाखेच्या विद्यार्थ्याने शरीररचनाशास्त्राच्या वाटेला का जावे, असा प्रश्न हा लेख पाहून काही वाचकांच्या मनात येईल. चेहऱ्याची व मुखाची रचना हा दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांना प्रारंभीच शिकवला जाणारा विषय. त्याचा मराठी, इतिहास किंवा राज्यशास्त्र घेतलेल्या विद्यार्थ्याशी काय संबंध? परंतु थोडा विचार केला तर हा संबंध अगदी जवळचा आहे असे दिसून येईल. भाषेच्या तासाला आपण कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य आणि ओष्ठ्य हे शब्द पाठ करतो. ही सारी मुखातल्या जागांवरून पडलेली नावे होत. पाणिनीय शिक्षेत वर्णांची आठ स्थाने मोजली आहेत : छाती, कंठ, शिर, जिव्हामूळ, दात, नाक, ओठ आणि टाळू. इकडे सुश्रुतसंहितेत मुखाचे ६५ रोग सांगितले असून ओठ, दातांची मुळे, दात, जीभ, टाळू, कंठ आणि सर्व मुख अशी त्यांची सात ठिकाणे दिली आहेत. या दोन याद्या शेजारी ठेवून पाहाव्यात. वैयाकरण आणि वैद्य एकाच घरात दोन वेगळ्या दारांनी शिरले होते.

दुसरे कारण अधिक निकडीचे आहे. ऐन तरुण वयात तोंड पुरेसे उघडेनासे झालेली माणसे आज आपल्या भागात दिसतात. भाकरीचा घास चिमटीएवढा करून आत सारावा लागतो, तिखट लागले की डोळ्यांतून पाणी येते. हा विकार नेमका कोठे होतो आणि कसा होतो हे समजण्यासाठी निरोगी मुख कसे असते हे आधी समजले पाहिजे. त्यासाठी प्रयोगशाळेची गरज नाही. एक लहान आरसा, भरपूर उजेड आणि स्वच्छ धुतलेले हात एवढे साहित्य पुरे.

चेहऱ्याचा सांगाडा

कानातील चिमुकली हाडे सोडली तर माणसाच्या कवटीत २२ हाडे असतात. त्यांपैकी ८ हाडांची मेंदूची पेटी बनते आणि उरलेल्या १४ हाडांचा चेहरा. या चौदांत सहा जोड्या आहेत आणि दोन हाडे एकेकटी आहेत. एकट्या हाडांपैकी एक नाकाच्या आतील पडद्यात असते. त्याचे लॅटिन नाव ‘व्होमर’, म्हणजे नांगराचा फाळ. ते पाहिले तर शेतकऱ्याच्या मुलाला हे नाव समजावून सांगावे लागणार नाही. दुसरे एकटे हाड म्हणजे खालचा जबडा.

वरचा जबडा दोन हाडांचा असून ती मधोमध जुळलेली असतात. त्यांच्या आत, नाकाच्या दोन्ही बाजूंना, हवेने भरलेल्या पोकळ्या आहेत. वरच्या दाढांची मुळे या पोकळीच्या तळाशी अगदी लगत असतात. म्हणून सर्दी साचून ही पोकळी सुजली तर रोग्याला वरच्या दाढाच दुखताहेत असे वाटते, आणि चांगली दाढ काढून टाका म्हणून तो आग्रह धरतो.

बाकी सारी हाडे एकमेकांत घट्ट बसलेली. हलतो तो फक्त खालचा जबडा. त्याचा सांधा कोठे आहे हे पाहायचे असेल तर दोन्ही कानांच्या किंचित पुढे बोटे ठेवून तोंड सावकाश उघडावे व मिटावे. बोटाखाली एक गोटी फिरल्यासारखी वाटेल आणि तोंड अधिक उघडले की ती पुढे घसरेल. दाराच्या बिजागरीप्रमाणे फिरणे आणि खणाप्रमाणे पुढे सरकणे अशा दोन्ही हालचाली या एका सांध्यात होतात. मोठी जांभई देताना एखाद्याचा जबडा अडकून बसतो, तेव्हा ही गोटी प्रमाणाबाहेर पुढे गेलेली असते.

दोन प्रकारचे स्नायू

चेहऱ्याचे स्नायू दोन गटांत विभागता येतात. पहिला गट चावण्याचा. दात दातांवर दाबून गालाच्या मागच्या बाजूस हात ठेवा. जो टणक गोळा हाताला लागतो तो मॅसेटर. कानशिलावर बोटे ठेवून हीच क्रिया करा. जो हलतो तो टेम्पोरॅलिस. जबड्याच्या आतील बाजूस टेरिगॉइड नावाचे आणखी दोन स्नायू आहेत. अशा या चार जोड्या. मेंदूतून निघणाऱ्या पाचव्या मज्जातंतूच्या हुकमतीत त्या असतात. दात, हिरड्या आणि चेहऱ्याची त्वचा यांच्या वेदना मेंदूला कळवणाराही हाच मज्जातंतू.

दुसरा गट भावदर्शनाचा. शरीरातील बहुतेक स्नायू हाडापासून निघून हाडालाच जाऊन मिळतात. चेहऱ्याचे हे स्नायू मात्र त्वचेत जाऊन मिळतात. म्हणून ते आखडले की त्वचेला वळ्या पडतात, खळी पडते, भुवई चढते, नाक मुरडले जाते. ओठांभोवती कड्यासारखा एक स्नायू आहे. त्याच्यावाचून शीळ घालता येणार नाही आणि ‘प’ म्हणता येणार नाही. गालात दुसरा एक स्नायू आहे. तो घास दाढांखाली ढकलतो. हा सारा गट सातव्या मज्जातंतूकडे आहे. हा मज्जातंतू एका बाजूने निकामी झाला की तोंड वाकडे होते, त्या बाजूचा डोळा मिटत नाही आणि घेतलेले पाणी ओठाच्या कोपऱ्यातून ओघळते.

आपल्या वाक्प्रचारांकडे या दृष्टीने पाहावे. ‘दातओठ खाणे’ या क्रियेत दात आवळण्याचे काम पाचव्या मज्जातंतूचे आणि ओठ आवळण्याचे काम सातव्याचे. ‘दातखीळ बसणे’ ही तर खरीखुरी अवस्था आहे. धनुर्वातात चावण्याचे स्नायू ताठ होऊन जबडा खिळल्यासारखा बसतो.

मुखाचे दार, भिंती आणि छत

आता आरसा समोर धरू. वरच्या ओठाच्या मध्यावर, नाकाखाली, एक उभी पन्हळ दिसते. गर्भावस्थेत चेहरा अनेक उंचवट्यांनी बनत जातो आणि ते एकमेकांस जुळतात. ही पन्हळ त्या घडणीची खूण होय. वरचा ओठ गर्भाच्या सातव्या आठवड्याच्या सुमारास जुळून येतो, आणि टाळू त्यानंतर काही आठवड्यांनी. ही जुळणी अपुरी राहिली तर मूल दुभंगलेला ओठ किंवा टाळू घेऊन जन्मते. ग्रहणात आईने विळी हाती धरली म्हणून असे झाले, हा समज अजूनही गावोगाव ऐकू येतो. पण ओठ जुळण्याचा काळ इतका आधीचा असतो की कित्येक स्त्रियांना तोवर दिवस गेल्याची पुरती खात्रीही झालेली नसते. या व्यंगाला आनुवंशिकतेसह अनेक कारणे आहेत, ग्रहण हे त्यांतले नव्हे. शस्त्रक्रियेने ओठ आणि टाळू दोन्ही जुळवता येतात. मातेला दोष देण्यात वेळ घालवण्यापेक्षा मूल लवकर दवाखान्यात नेणे हिताचे.

गाल बोटाने बाजूला ओढून वरच्या दुसऱ्या मोठ्या दाढेसमोर पाहिले तर तेथे एक बारीक उंचवटा दिसेल. कानाखालील लाळग्रंथीची नळी तेथे उघडते. गालगुंड होतात ते याच ग्रंथीला. अशा मोठ्या लाळग्रंथींच्या तीन जोड्या असून त्या दिवसाकाठी साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार करतात. लाळेमुळे घास ओला होतो, आम्लाचा जोर कमी होतो आणि दातांचे रक्षण होते.

मुखाचे छत म्हणजे टाळू. अंगठा वरच्या दातांमागून मागे फिरवत नेला तर पुढचा सुमारे दोनतृतीयांश भाग हाडासारखा कठीण आणि मागचा भाग मऊ लागतो. त्या मऊ टाळूच्या टोकाशी लोंबते ती पडजीभ. मऊ टाळू हे एक झाकण आहे. गिळताना ते वर उचलले जाते आणि अन्नाला नाकात जाण्याची वाट बंद करते.

दात

दुधाचे दात २०, कायमचे ३२. कायमच्या दातांत पटाशीचे दात ८, सुळे ४, उपदाढा ८ आणि दाढा १२. जबड्याच्या एका अर्ध्या भागात हा क्रम २, १, २, ३ असा येतो. दंतवैद्य प्रत्येक दाताला दोन अंकी क्रमांक देतात. पहिला अंक जबड्याच्या भागाचा आणि दुसरा मध्यरेषेपासून मोजलेल्या दाताचा. त्यामुळे ‘३६’ म्हटले की खालच्या जबड्यातील डावी पहिली दाढ, हे जगातील बहुतेक दंतवैद्यांना समजते.

या पहिल्या दाढेविषयी एक गोष्ट घरोघर माहीत हवी. ती वयाच्या सहाव्या वर्षाच्या सुमारास, दुधाच्या दाढांच्या मागे उगवते. तिच्या जागी आधीचा कोणताही दात पडलेला नसतो. त्यामुळे आईवडील तिला दुधाचीच दाढ समजतात. किडली तरी ‘पडेलच की’ म्हणून सोडून देतात. ती पडणार नसते. ती जन्माची सोबतीण असते. आपल्या तालुक्यातून दर हंगामात ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांत सहा-सात वर्षांची मुलेही असतात. खोपीवर राहताना त्यांच्या दातांकडे पाहायला कोणाला सवड असणार?

दातावरचे कवच, इनॅमल, हा शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ. वजनाने त्याचा सुमारे ९६ टक्के भाग खनिजांचा असतो. पण हाड मोडले तर सांधते, तसे इनॅमलचे होत नाही. ते तयार करणाऱ्या पेशी दात उगवतानाच नाहीशा होतात. इनॅमलखाली डेंटिन असते आणि त्याच्याही आत रक्तवाहिन्या व मज्जातंतू असलेला दाताचा मगज. कीड इनॅमलमध्ये असेतो दुखत नाही. ठणका सुरू होतो तोवर ती पुष्कळ आत गेलेली असते.

जीभ आणि उच्चार

जीभ ही प्रामुख्याने स्नायूंची बनलेली आहे. काही स्नायू तिचा आकार बदलतात, तर काही तिला पुढे, मागे, वर, खाली नेतात. या हालचाली मुख्यतः बाराव्या मज्जातंतूच्या ताब्यात असतात. गोड टोकाला आणि कडू मागे कळते, असा जिभेचा नकाशा पुष्कळांनी शाळेत पाहिला असेल. तो नकाशा आता चुकीचा ठरला आहे. रुचिकलिका असलेल्या जिभेच्या सर्व भागांना सर्व चवी कळतात.

आता वर्णमाला म्हणत जिभेकडे लक्ष द्यावे. ‘क’ म्हणताना जिभेचा मागचा भाग मऊ टाळूला लागतो. ‘ट’ म्हणताना शेंडा वर वळून कठीण टाळूला स्पर्श करतो. ‘त’साठी तो वरच्या दातांच्या मागे टेकतो आणि ‘प’साठी जिभेचे काही कामच नसते. मराठीची एक खास गोष्टही मुखातच सापडते. ‘चार’ म्हणजे संख्या आणि ‘चारा’ म्हणजे वैरण, यांतील ‘च’ लिहायला एक पण म्हणायला वेगळा. पहिल्यात जिभेचा सपाट भाग टाळूवर पसरतो, दुसऱ्यात शेंडा दातांच्या मुळाशी जातो. ‘जग’ म्हणजे विश्व आणि ‘जग’ म्हणजे जिवंत राहा, हा फरकही तसाच.

नाक चिमटीत धरून ‘बाबा’ म्हणा, काही बिघडत नाही. ‘मामा’ म्हणू लागलात तर मात्र त्याचाही ‘बाबा’सारखा उच्चार होतो. ‘म’, ‘न’, ‘ण’ म्हणताना मऊ टाळूचे झाकण खाली येऊन हवेला नाकाची वाट मोकळी होते, याचा हा पुरावा.

येथे एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. खेड्यातून आलेला विद्यार्थी ‘पाणी’ऐवजी ‘पानी’ म्हणतो तेव्हा वर्गात हशा पिकतो. शरीररचनेच्या दृष्टीने पाहिले तर त्याच्या जिभेचा शेंडा जरा पुढे टेकला, एवढीच घटना घडलेली असते. त्याची जीभ जड नाही आणि टाळूही सदोष नाही. घरात ऐकलेली सवय आहे ती. दुसरी सवय हवी असेल तर तीही लावून घेता येते. मुख निरोगी आहे तोवर सर्व उच्चार त्याच्या आवाक्यात आहेत.

श्लेष्मल त्वचा आणि सुपारी

परंतु मुखच निरोगी राहिले नाही तर? गाल, ओठ, टाळू यांच्या आतून एक ओलसर, गुलाबी अस्तर असते. त्याला श्लेष्मल त्वचा म्हणतात. ती लवचिक असते म्हणूनच तोंड मोठे उघडते, गाल फुगतो आणि जीभ बाहेर येते. तिच्या लगेच खाली धाग्यांच्या विरळ जाळ्यासारखा थर असतो. हे धागे कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे. निरोगी माणसात जुने धागे विरघळतात, नवे तयार होतात आणि तोल राहतो.

सुपारी हा तोल मोडते. तिच्यातील ॲरेकोलीनसारख्या द्रव्यांमुळे धागे अधिक प्रमाणात तयार होतात आणि विरघळण्याचे प्रमाण घटते. सुपारीतल्या तांब्याने ते एकमेकांत अधिक घट्ट गुंततात. मग अस्तराखाली कठीण पट्टे तयार होतात. रंग गुलाबीचा पांढुरका होतो, प्रथम तिखटाने आग होते, पुढे गाल चामड्यासारखे ताठ होतात. धनुर्वातात दोष स्नायूंच्या ताठरण्यात असतो. येथे अस्तरच आकसते. वैद्यकीय भाषेत याला ओरल सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात. १९५२ साली श्वार्ट्झ यांनी केनियातील पाच भारतीय स्त्रियांच्या मुखात आढळलेल्या अशा अवस्थेचे वर्णन केले. १९५३ साली मुंबईच्या डॉ. एस. जी. जोशी यांनी टाळू व घशाच्या कमानींतील या विकाराला ‘सबम्यूकस फायब्रोसिस’ हे नाव दिले. म्हणजे या रोगाच्या नामकरणात महाराष्ट्राचा वाटा आहे. दुर्दैवाने रोग्यांच्या संख्येतही आहे.

आता मागचा धडा आठवावा. जीभ पुरती वर वळेना की ‘ट’, ‘ड’, ‘ण’ अडखळतात. मऊ टाळू ताठ झाला की झाकण नीट बसत नाही आणि बोलणे नाकातून येऊ लागते. पडजीभ आकसून जाते. शिट्टी वाजत नाही, गाल फुगत नाही. ज्याच्या ‘पानी’ला वर्ग हसला त्याला ‘पाणी’ शिकता येत होते. पुडी चघळणाऱ्याच्या तोंडून मात्र येत असलेले वर्णही निसटत जातात.

याहून गंभीर गोष्ट अशी की, या जागी पुढे कर्करोग होऊ शकतो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील संशोधकांनी केरळातील एर्नाकुलम जिल्ह्यात या विकाराच्या ६६ रुग्णांचा १७ वर्षांपर्यंत मागोवा घेतला. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासानुसार त्यांपैकी ७.६ टक्के रुग्णांना मुखाचा कर्करोग झाला. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली तंबाखूविना खाल्लेली सुपारीही कर्करोगकारक ठरवली. ‘मी तंबाखू खात नाही, नुसती सुपारी खातो’ हे समाधान त्यामुळे फोल ठरते.

महाराष्ट्र शासनाने २०१२ साली गुटखा व पानमसाल्यावर बंदी घातली. त्याआधी २००३ च्या केंद्रीय कायद्याने शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकण्यास मनाई झाली. पण सुपारी, तंबाखू आणि चुना एकत्र चोळून केलेला मावा आहेच. घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांच्या मिसरीला तर कोणी व्यसनही म्हणत नाही. कायदा दुकानाच्या फळीपर्यंत पोचतो. तोंडापर्यंत हात नेणारे आपणच असतो.

तीन बोटांची परीक्षा

शेवटी एक साधी तपासणी सांगून लेख पुरा करतो. हात स्वच्छ धुऊन तोंड पूर्ण उघडावे आणि स्वतःच्या हाताची तर्जनी, मध्यमा व अनामिका ही तीन बोटे एकावर एक अशी उभी धरून वरच्या व खालच्या पटाशीच्या दातांमध्ये घालून पाहावीत. प्रौढ माणसाचे तोंड साधारणपणे साडेतीन ते पाच सेंटीमीटर उघडते, म्हणून ही तीन बोटे सहज मावतात. दोनच मावत असतील तर विनाविलंब दंतवैद्याला दाखवावे. त्याचबरोबर आरशात गालांची आतली बाजू, जिभेच्या कडा, जिभेखालचा भाग आणि टाळू पाहावा. पांढरा किंवा लाल चट्टा, गाठ, अथवा दोनतीन आठवड्यांत न भरणारी जखम दिसल्यास थांबू नये. दुखत नाही म्हणून काही नाही, असे समजू नये. आरंभी कर्करोग बहुधा दुखत नाही.

उपचारासाठी फार दूर जाण्याचीही गरज नाही. आपल्याच जिल्ह्यात अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालय आहे. सुपारी बंद करणे, तोंड उघडण्याचे व्यायाम, औषधे व इंजेक्शने आणि रोग वाढला असेल तर शस्त्रक्रिया असे उपचार आहेत. मात्र एकदा तयार झालेले पट्टे पुरते नाहीसे होत नाहीत. म्हणून लवकर थांबणे हाच यातला सर्वांत मोठा उपचार होय.

मित्रहो, हा अंक हातावेगळा करण्यापूर्वी ही तीन बोटांची परीक्षा आपण स्वतः करून पाहावी, आणि शेजारच्या बाकावरील मित्रालाही करायला सांगावी. तो हसून टाळू लागला तर पुन्हा एकदा सांगावे. कारण ज्याला हे सर्वांत आधी सांगायला हवे, तोच बहुधा टाळत असतो.